पिवळ्या पट्ट्यांमधलं परराष्ट्र धोरण

चाकणच्या शनिवारच्या इंग्रजी वर्गाला तिसरं वर्ष मंजूर झालं, आणि त्याच संध्याकाळी सुरय्या अत्तारने अझहर मुलाणीला हो म्हटलं.

आता हे विसरा. यातलं काहीही घडलेलं नाही. हा वर्ग एका परदेशी दूतावासातर्फे चालतो आणि त्यांच्या नियमावलीत स्वच्छ लिहिलंय, की समन्वयकाने स्थानिक भागीदाराशी 'योग्य व्यावसायिक अंतर' राखावं. सुरय्या समन्वयक होती. अझहर स्थानिक भागीदार होता. त्यामुळे दोघांमध्ये अंतर होतं, योग्य होतं आणि अत्यंत व्यावसायिक होतं. ही त्या अंतराची गोष्ट आहे.

तर... सुरय्या पहिल्यांदा त्या कंपनीच्या गेटवर पोचली, तेव्हा वॉचमन चिमाजींनी काठी आडवी धरली.

"ताई, आत न्हाई जाता येनार. पायात चपला हायेत."

"मग काय अनवाणी जाऊ?"

"तसंबी न्हाई जाता येनार."

मागून कुणीतरी हसलं. निळा शर्ट, छातीला लावलेलं ओळखपत्र, कानामागे पेन्सिल. हा अझहर, गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या त्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. जगातल्या प्रत्येक वस्तूत काहीतरी चुकलेलं असणार, या श्रद्धेवर त्याचा पगार चालायचा.

"सेफ्टी शूज लागतील, मॅडम," तो म्हणाला.

"अहो, मी मशीनवर नाही आले. इंग्रजीचा वर्ग सुरू करायला आलेय. दोन देशांमध्ये पूल बांधायचाय मला."

"पूल बांधायलाही सेफ्टी शूज लागतात."

त्याने पाहुण्यांसाठीचे बूट आणून दिले. ते इतके मोठे होते, की सुरय्या वळली तरी बूट सरळच जात होते. ती फटाक फटाक करत शॉप फ्लोअरवरून चालली आणि शेजारून तो, अतिशय गंभीर चेहऱ्याने, तिच्या वेगाने. एकदा तिचा तोल गेला. त्याने हात पुढे केला... आणि ती सावरल्यावर तोच हात जणू छत तपासायला वर नेला.

"छत ठीक आहे ना?" तिने विचारलं.

"आत्तापर्यंत होतं," तो म्हणाला.

दूतावासाची कल्पना साधी होती. कामगारांच्या मुलांना फुकट इंग्रजी शिकवायचं, म्हणजे ती मोठेपणी त्या देशाबद्दल चार चांगले शब्द बोलतील. याला दिल्लीत पब्लिक डिप्लोमसी म्हणतात. चाकणमध्ये याला शनिवारचा क्लास म्हणतात. कार्यक्रम सांभाळायचं काम सुरय्याचं. शिकवायचंही तिचंच, कारण नेमलेले शिक्षक मोशीच्या पुढे यायला तयार नव्हते.

वर्ग भरायचा प्रेस शॉपला लागून असलेल्या ट्रेनिंग हॉलमध्ये. पलीकडे पत्रा दाबणारं भलंमोठं मशीन दर थोड्या वेळाने 'धाड्' करायचं आणि खिडक्या थरथरायच्या. मुलं तेवढ्यापुरती थांबायची आणि पुढचा शब्द उचलायची. होता होता ती थांबायची सवय त्यांच्या इंग्रजीतच मुरली. मशीन बंद असलं तरी मुलं वाक्यात मध्येच थांबून अदबीने वाट बघायची.

अझहर दर शनिवारी दारात उभा असायचा. कंपनीच्या वतीने, अर्थातच.

"मुलाणी साहेब, दर शनिवारी काय तपासता इथे?"

"दर्जा."

"मग? सापडलं काही?"

"समन्वयकांच्या कानातली जुळत नाहीयेत आज. एक हिरवं, एक निळं."

सुरय्याचा हात कानाकडे गेला. गाल उगाचच गरम झाले. "मग काय... माल रिजेक्ट?"

"छे. डेव्हिएशनवर पास." तो पेन्सिलकडे बघत म्हणाला. "म्हणजे दोष मान्य करायचा आणि तरीही माल... ठेवून घ्यायचा."

पुढच्या शनिवारी तिने मुद्दाम दोन वेगळी कानातली घातली. हेही घडलेलं नाही.

दोन वर्षं अशी गेली. मग दूतावासाची मेल आली. दोनच केंद्रं उरली होती आणि पुढच्या वर्षी त्यातलं एकच चालणार होतं. एक चाकणचं. दुसरं दुसऱ्या राज्यात, आणि त्यांच्या आवारात कारंजं होतं. सांस्कृतिक अधिकारी मिस हॅलोरन दोन्ही बघून निर्णय घेणार होत्या.

"आपल्याकडे काय आहे?" सुरय्या म्हणाली. "मुलं आत्ता कुठे तोंड उघडायला लागलीत, अझहर. क्लास बंद झाला तर पुन्हा मिटून बसतील. आणि शनिवार... शनिवारचं काय?"

ती त्याला पहिल्यांदाच नुसतं अझहर म्हणाली होती. त्याने पेन्सिल कानामागून काढली, पुन्हा तिथेच ठेवली.

"व्हिजिट आहे ना? सुरय्या मॅडम, टेन्शन घेऊ नका. व्हिजिट हा आपला विषय आहे."

या वाक्याकडे तिने लक्ष द्यायला हवं होतं. पण तिला समन्वयकांच्या बैठकीसाठी मुंबईला जायचं होतं आणि तिथूनच मिस हॅलोरनना गाडीने घेऊन यायचं होतं. मागे वर्ग अझहरच्या हाती राहिला.

चाकणमध्ये व्हिजिट म्हणजे काय, हे सांगायला हवं. मोठ्या कंपनीचा साहेब छोट्या कंपनीचं ऑडिट करायला येतो. त्याच्या आधी जमिनीवर पिवळे पट्टे रंगवतात, प्रत्येक वस्तूला जागा आखून वर नाव लावतात आणि माणसांकडून उत्तरं पाठ करून घेतात. अझहरने आयुष्यात एकच प्रकारचा पाहुणा बघितला होता.

व्हिजिटच्या दिवशी मिस हॅलोरनना घेऊन आलेल्या सुरय्याने हॉलचं दार उघडलं आणि ताज्या रंगाचा वास आला.

बाकांभोवती पिवळे पट्टे होते. डस्टरभोवती चौकट होती आणि वर पाटी होती, 'डस्टर'. पंख्यावर लिहिलं होतं 'पंखा'. भिंतीवर हिरवा फलक होता: 'आजचा दिवस अपघाताविना इंग्रजी'. पहिल्या बाकावरच्या ओंकारच्या डोक्यावर हेल्मेट होतं. कशापासून बचाव, ते कळलं नाही, बहुधा व्याकरणापासून.

"हे काय आहे?" सुरय्या दातावर दात ठेवून पुटपुटली.

"तयारी," अझहर अभिमानाने पुटपुटला.

"अझहर, बाई संस्कृती बघायला आल्यात. नट-बोल्ट नाही!"

"संस्कृतीला पण जागा आखलीय. तिकडे, कोपऱ्यात."

कोपऱ्यात खरंच एक चौकट होती. तिच्यात एक तबला होता.

मिस हॅलोरन उंच, हसऱ्या, सुती कुर्त्यातल्या. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, नजरचुकीने पंख्यालाही. मग इंग्रजीत विचारलं, "आमच्या देशाबद्दल तुम्हाला काय आवडतं?"

ओंकार उभा राहिला. "मॅडम, याची नोंद उपलब्ध आहे."

"बरं... मोठेपणी तुला काय व्हायचंय?"

"मॅडम, लक्ष्य शंभर टक्के."

धाड्! मुलं अदबीने थांबली. मिस हॅलोरन दचकल्या. पुढची उत्तरंही तशीच आली, इस्त्रीची घडी न मोडता. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि सुरय्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "गोड मुलं आहेत. पण सगळं पाठ केलेलं. मला नाही वाटत, यांना स्वतःचं संभाषण जमतं."

संपलं. कारंजं जिंकलं. सुरय्याने अझहरकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर आला. रश्मीचा, कँटीनमध्ये पोळ्या करणाऱ्या भिमाबाईंच्या मुलीचा.

अझहरने तिथल्या तिथे डोळे मिटले. ऑडिटचा शेवटचा नियम त्यानेच मुलांना शिकवला होता: पाहुण्याने चुकीची त्रुटी, म्हणजे ऑब्झर्व्हेशन, काढली, तर गप्प बसायचं नाही. बसलात तर ती वर्षभर चिकटते. हात वर करायचा, पुरावा मागायचा.

"मॅडम," रश्मी इंग्रजीत म्हणाली, "हे ऑब्झर्व्हेशन आम्हाला मान्य नाही."

"काय?"

"पुरावा काय? तुमचे प्रश्नच पाठ केलेले होते. देशाबद्दल काय आवडतं, हे तुम्ही सगळीकडे विचारता. काय आवडत नाही, ते विचारा ना."

मिस हॅलोरन पुढे झुकल्या. "...काय आवडत नाही?"

"व्हिसा. तुमची वेबसाइट विचारते, परत कधी जाणार? अहो, मी अजून आलेच नाहीये!"

वर्ग फुटला. ओंकारने हेल्मेट काढून तबल्यावर ठेवलं आणि उठला. "आणि पुस्तकात प्रत्येक धड्यात लोक तळ्याकाठी पिकनिकला जातात. त्यांना सेकंड शिफ्ट नसते का?"

"पिकनिक महत्त्वाची असते!" मिस हॅलोरन जरा चिडूनच म्हणाल्या.

"का?"

"का म्हणजे? माणसाला मोकळा वेळ नको?"

"मग माझ्या पप्पांना द्या!"

आणि भांडण पेटलं. काळ चुकले, क्रियापदं पडली, कुणी शब्द अडला की हाताने दाखवला, पण थांबलं कुणी नाही. पलीकडे मशीनने दोनदा धाड् केलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीही त्याची वाट बघितली नाही. सुरय्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची मुलं एका परदेशाशी वाद घालत होती, आणि जिंकत होती!

मिस हॅलोरन शेवटी बाकावर बसल्या आणि पोट धरून हसल्या.

"मी जाईन तिथे मुलं माझे आभार मानतात," त्या म्हणाल्या. "कारंज्याच्या गावी तर हार घालून मानले. माझ्याशी भांडलं कुणीच नव्हतं. अहो, याचसाठी तर हा सगळा कार्यक्रम आहे." त्यांनी टोपण काढलं. "ऑब्झर्व्हेशन मागे. तिसरं वर्ष चाकणला."

असा जल्लोष झाला, की पलीकडचे ऑपरेटर मशीन बंद करून बघायला आले.

सगळे चहाला पांगल्यावर हॉलमध्ये दोघंच उरली. अझहरच्या बाहीला पिवळा रंग लागला होता. संध्याकाळचं तिरपं ऊन त्याच रंगाचं होतं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "मी तुम्हाला बुडवणारच होतो."

"कारण काय? क्वालिटीवाले ना तुम्ही? मूळ कारण सांगा."

तो पट्ट्यांकडे बघत म्हणाला, "मूळ कारण... तुम्ही. शनिवार गेला तर... म्हणजे क्लास गेला तर... सुरय्या, मी घाबरलो. आणि घाबरलो की मी रंगवतो."

"मग सुधारणा काय करणार?"

"निकाह," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

सुरय्या एक पाऊल पुढे आली. पिवळा पट्टा ओलांडून.

"हे," ती हळूच म्हणाली, "मान्य आहे."

दार करकरलं. विसरलेला गॉगल घ्यायला मिस हॅलोरन आत आल्या होत्या. त्यांनी दोघांच्या गुंफलेल्या बोटांकडे बघितलं, दोघांमधल्या व्यावसायिक अंतराकडे बघितलं, ते कुठेच नव्हतं. मग शांतपणे गॉगल उचलून डोळ्यांवर चढवला.

"मला काहीही दिसलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी डिप्लोमॅट आहे."

राहता राहिले सुरय्याचे अब्बा. संत तुकाराम नगरातले कादरभाई अत्तार, गॅरेजवाले; चाकणचा जावई म्हटलं की आधी ट्रॅफिकवरच तासभर बोलणारे आणि मग नाही म्हणणारे. पण ज्यांनी एका दिवसात एक आख्खा देश वळवला, त्यांना एक गॅरेज काय जड? तरी खबरदारी म्हणून त्याच रात्री दूतावासाकडे एक अर्ज रवाना झाला:

'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, उभय पक्षांतील संबंध अपेक्षेपेक्षा अधिक दृढ झालेले आहेत. सबब, श्री. कादर अत्तार यांचेशी बोलणी करणेकामी पूर्ण अधिकार असलेला एक राजदूत, शक्यतो गाडीच्या इंजिनाची जाण असलेला, येत्या रविवारी संत तुकाराम नगर, पिंपरी येथे पाठविण्यात यावा, ही नम्र विनंती.'