हल्ली करकरत नाही

लाल, बुटकी, दोनच माणसांची ती स्पोर्ट्स कार गॅरेजसमोरच्या गतिरोधकावर पोट टेकून अडकली, तेव्हा अख्खा रस्ता हसला. मागे हॉर्नचा गोंगाट, आणि आत एक चष्मेवाला, चोरी पकडल्यासारखा चेहरा करून बसलेला. गॅरेज चालवणाऱ्या ताईनं हात पुसले, दोघातिघांना हाका मारल्या आणि गाडी ढकलत थेट गॅरेजात आणली.

"माझी नाहीये ही," तो उतरता उतरता म्हणाला. "म्हणजे... आता माझीच आहे. थोरल्या भावानं परदेशी जाताना गळ्यात मारली. मी कॉलेजात गणित शिकवतो."

"गणितावर आमच्याकडे इलाज नाही. गाडीचं बोला."

"खालून आवाज येतो."

"कसला?"

"आवाजासारखा आवाज."

दारातल्या खुर्चीवर बसलेले बाबा खो खो हसले. गुडघे गेल्यापासून त्यांना गाडीखाली शिरता येत नसे. गॅरेज लेकीच्या हाती होतं आणि लेकीचं कौतुक त्यांच्या तोंडी. "काळजी सोडा, प्रोफेसर," ते म्हणाले. "आमच्या पोरीचे कान फार तिखट. इंजिनला नुसती सर्दी झाली तरी हिला लांबून कळतं."

ताई हसली. न हसून करते काय? तिचा उजवा कान वर्षभरात जवळजवळ गेला होता. डावाही त्याच वाटेनं जाणार, सावकाश, पण जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. हे तिनं कुणालाच कळू दिलं नव्हतं. ज्या गॅरेजचं नाव तिच्या कानांवर उभं, तिथं हे बोलायचं म्हणजे आपल्याच हातानं कुलूप लावायचं. एकटी असली की तिला वाटे, एक दिवस सगळं गप्प होईल आणि आपण कुणाच्याच कामाच्या उरणार नाही.

म्हणून तिनं एक युक्ती काढली होती. आवाजाचं नाव गिऱ्हाइकाच्याच तोंडून वदवून घ्यायचं.

"खडखड असेल तर लोखंड सैल झालंय," तिनं प्रोफेसरांना समजावलं. "खुळखुळ असेल तर आत काहीतरी सुटून पडलंय. करकर असेल तर काहीतरी कोरडं पडून घासतंय. आता सांगा."

त्यानं परीक्षेला बसल्यासारखे डोळे मिटले. "करकर... पण लाजरी. कुणी बघत नाही ना, असं पाहून केलेली."

"मग मालकावरच गेलीय म्हणायची!"

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. आणि ताईला, उगाचच, आपण आज केस नीट बांधले नाहीत याची आठवण झाली.

गाडी उचलली, खालचं सगळं हलवून पाहिलं, पण करकर काही हाती लागेना. ती यायची फक्त गाडी चांगली तापल्यावर, धावताना. मग कॉलेज सुटलं की तो यायचा, आणि दोघं शहराबाहेरच्या रस्त्याला लागायची. ताई शेजारी बसली की नेमका तिचा उजवा कान त्याच्याकडे व्हायचा. तिला इंजिनाची गुरगुर कळायची, बाकी काही नाही. ती चपला काढून तळवे खाली टेकवायची, हाताचा पंजा सीटखालच्या पत्र्यावर दाबायची, मान वळवून त्याच्या ओठांकडे बघत राहायची.

"आता... आता..." तो म्हणायचा. "हं, थांबला. तुम्हाला नाही ऐकू आला?"

"मला तुमच्या तोंडून ऐकायचाय."

त्याचा गिअर चुकला. गाडीनं गचका दिला.

"तुम्ही अशा बघत राहिलात तर मी झाडावर घालीन गाडी."

"घाला. दुरुस्त करायला मी आहेच."

ओठ वाचायचे म्हणून ती बघायला लागली होती, आणि बघतच राहिली होती. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी यायचं, ते वाऱ्याचंच आहे असं ती स्वतःला सांगायची. कारण पुढचं सगळं तिला दिसत होतं. गाडीला गिऱ्हाईक ठरलेलं होतं. करकर बंद झाली की घेतो, असं ते म्हणत होतं. आवाज गेला की गाडी जाणार, गाडी गेली की माणूस. आणि समजा राहिला, तरी काय? 'जेवलीस का' हेसुद्धा जिला एक दिवस ऐकू येणार नाही, तिनं कुणाच्या आयुष्याला लोंबकळायचं कशाला? तिचं प्रेम बसलं होतं, आणि त्याचा तिला काडीचाही उपयोग नव्हता.

शेवटी एका संध्याकाळी तिच्या पंज्याला ती करकर लागली, बारीक, सलग. सायलेन्सर ज्या रबरावर लटकतो ते वाळून तडकलं होतं. तापून फुगली की नळी वरच्या पत्र्याला घासायची. न सापडल्याचं सोंग तिला करता आलं असतं. पण कामाशी बेईमानी तिच्या हाडात नव्हती. तिनं नवं रबर बसवलं आणि चावी त्याच्या हातात दिली. त्यानं ती खिशात घातली, आणि गेला.

आठवड्यानं तो परत आला, पायीच. ताई दारापाशी, बाबांच्या खुर्चीकडे डावं अंग करून, चाकात हवा भरत होती. कॉम्प्रेसर धडधडत होता आणि तो येऊन उभा राहिला उजव्या बाजूला. खाली मान घालून, चाकाशी बोलावं तसं त्यानं काहीतरी म्हटलं.

तिच्या कानावर पडलं, "हल्ली... करकरत नाही."

एवढंच सांगायला आला! पण ती तोंडभर हसली. "मग उत्तमच झालं की! आता इथं यायचं कारणच उरलं नाही तुम्हाला."

त्यानं वर पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता. आणखी काहीतरी विचारलं त्यानं, ओठ जेमतेम हलले. ऐकू आलं नाही की हसून मान डोलवायची, ही बहिऱ्या माणसाची जुनी खोड. तिनं हसून मान डोलवली. तो वळला आणि निघून गेला.

"असं तोडून टाकायचं होतं," दारातून बाबा म्हणाले, "तर इतके दिवस फिरलीस कशाला त्याच्याबरोबर?"

"तोडलं? मी कुठं काय तोडलं?"

"भला माणूस म्हणतोय, हल्ली तुमच्यावाचून करमत नाही. तू म्हणतेस, उत्तम झालं. तो विचारतोय, खरंच येऊ नको? तू हसून हो म्हणतेस! माणसाचा जीव आहे, ताई. टायर नाही तो."

ताईच्या हातातून नळी सुटली. करमत नाही. करमत नाही म्हणाला होता तो. ती तिथंच खाली बसली. एवढं एकच वाक्य आयुष्यात ऐकायचं होतं, आणि नेमकं तेच हुकलं होतं.

"बाबा, मला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "उजव्यानं वर्षभर नाही. डावाही जाणारय."

बाबा उठले. दुखऱ्या गुडघ्यांनी भिंत धरत कॉम्प्रेसरपर्यंत गेले आणि तो बंद केला. "आणि मी जगाला सांगत सुटलो होतो तुझ्या कानांचं," ते म्हणाले. त्यांनी खिशातून फोन काढला, प्रोफेसरांचा नंबर लावला आणि तिच्या हातात दिला.

तो उचलला गेला एवढं तिला कळलं. मग ती बोलत सुटली. "मी करकरत नाही असं ऐकलं... मला ऐकू येत नाही हो. पुढं अजिबात येणार नाही. गॅरेजचं काय होईल माहीत नाही. मीही उद्या कुणाच्या उपयोगाची नसेन. हे सगळं कळूनही यायचं असेल तर या. नाही आलात तरी... मलाही करमत नाही, एवढं कळू द्या."

पलीकडून काहीतरी आलं. नुसती घरघर. तिनं फोन डाव्या कानावर दाबला, आणखी दाबला. शब्द लागेना. शेवटी तिनं तो बाबांपुढं धरला. "तुम्हीच ऐका ना, बाबा. काय म्हणतायत?"

बाबांनी ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग लेकीपुढं असलं काही बोलायची वेळ आलेल्या बापासारखे ते चाकाकडे बघत मोठ्यानं म्हणाले, "विचारतोय, तुझ्या कुठल्या बाजूला बसू म्हणून."

ताईनं तोंडावर हात घेतला. डोळ्यांतलं पाणी काळ्या बोटांनी सगळ्या गालभर पसरलं.

"डाव्या म्हणावं," ती म्हणाली. "आणि लवकर या म्हणावं."