नाही म्हणायची सोय

शेवटी दोघांचं जमलं.

हे वाक्य चुकून आधी आलं, वाचलंच नाही असं समजा. अजून तर तिने त्याला धड "बसा" सुद्धा म्हटलं नव्हतं.

ती डबिंगची दिग्दर्शिका. काचेच्या अलीकडे ती, पलीकडे माईकसमोर तो. मोठ्यांसाठीच्या एका काळ्याकुट्ट जपानी ॲनिमे मालिकेत तो रक्तपिपासू उमराव झाला होता, म्हणून सगळा स्टुडिओ त्याला उमरावच म्हणे. प्रत्यक्षात त्याला डास मारतानाही वाईट वाटायचं.

तिला त्याचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. त्याला ती मात्र बटण दाबेल तेव्हाच. अशा व्यवस्थेत प्रेमात पडणं म्हणजे निव्वळ गाढवपणा. ती पडली होती.

आज उमराव गढीत कोंडलेल्या दासीला विचारत होता, "माझ्यावर प्रेम आहे तुझं?"

तिने बटण दाबलं. "उमराव, जरा हळवं होऊन विचारा. दम दिल्यासारखं वाटतंय."

"मॅडम, गढीच्या किल्ल्या याच्याच खिशात! कितीही हळवं विचारलं तरी दमच की तो. ती बिचारी कुठल्या तोंडाने 'नाही' म्हणणार?"

तिचं बोट बटणावरून आपोआप उचललं गेलं. नेमका हाच प्रश्न त्याला विचारायचा, म्हणून ती किती दिवस ओठ चावत बसली होती... आणि त्याचं पुढचं काम तिच्याच एका शब्दावर अडलेलं!

ती बाहेर गेली. निर्मात्याला फोन लावून भांडभांड भांडली. मग आत येऊन तिने माईकच्या खोलीचं जाडजूड दार ढकललं.

"काही चुकलं का, मॅडम?"

"फोन बघा. पुढच्या मोसमाचा करार आलाय. यापुढे तुमचं काम निर्माते ठरवतील, मी नाही. तुम्ही मला नाही म्हणालात, तरी काही बिघडणार नाही."

"कशाला नाही?"

"मला... म्हणजे तुम्ही मला —" इतरांना वीस-वीस रिटेक द्यायला लावणारी ती, तिचीच जीभ अडखळली. "आवडता."

त्याने फोन उघडून करार शेवटपर्यंत वाचला.

"नाही," तो म्हणाला.

तिने मान हलवली. "बरं. येते —"

"अहो, थांबा! नाही म्हणायची सोय चालतेय का ते बघत होतो. चालतेय. आता खरं सांगू?"

"सांग ना, मेल्या!"

"हो. मलाही तुम्ही. केव्हापासूनच."

तरी स्टुडिओच्या व्यवस्थापनास नम्र विनंती, की माईकच्या खोलीतील एकमेव स्टूल हटवून तेथे दोघांना पुरेल असा बाक तातडीने मंजूर करण्यात यावा. कारण : ध्वनीची गुणवत्ता.