आजोबांच्या रोटरीला झालं काय?

“गाडी हलली आहे!” शेडमध्ये गुडघे टेकून बसलेली चिनात्सु ओरडली. “हे बघा, तेलाचा डाग इथे आणि गाडी तिकडे!”

तिचा धाकटा भाऊ कोसेइ आणि शेजारचा रित्सु धावत आले. आजोबांची लाल आरएक्स-सेव्हन स्पोर्ट्स कार नेहमीच्या जागेपासून चांगली दोन हात पुढे उभी होती. मागे मोकळ्या झालेल्या जागेत तात्सुहिको काकांनी ओबोनला, म्हणजे पितरांच्या सणाला, येणाऱ्या पाहुण्यांसाठी घडीची टेबलं रचली होती.

“आणि हीच गाडी काका भंगारात देतायत!” रित्सु म्हणाला. “इंजिन गेलं म्हणे!”

अकराला भंगाराचा ट्रक येणार होता. खुब्याच्या ऑपरेशननंतर आजोबा आजच बाराला कुरे शहरातल्या हॉस्पिटलमधून घरी यायचे होते, आणि काकांनी त्यांना अवाक्षरही सांगितलं नव्हतं. तिने फोन लावला. आजोबा उचलेनात.

“सैतानाची नखं लागली असतील तर?” कोसेइने दबक्या आवाजात विचारलं.

आजोबा तरुणपणी हिरोशिमाच्या कारखान्यात ही रोटरी इंजिनं जोडायचे. यात वरखाली होणारे दट्टे, म्हणजे पिस्टन, नसतात. रेशमाच्या कोशासारख्या पोकळीत ओनिगिरीसारखा, म्हणजे भाताच्या तिकोनी मुटक्यासारखा, पण लोखंडी रोटर गरगर फिरतो. अगदी सुरुवातीच्या इंजिनांत त्याच्या टोकांवरच्या पट्ट्या भिंतीवर ओरखडे पाडायच्या. त्यांनाच सगळे सैतानाची नखं म्हणत. ती घालवायला इंजिनिअरांची वर्षं गेली होती.

“गप रे! थांब... वास येतोय?” चिनात्सुने विचारलं.

“पेट्रोल!” रित्सु नाक मुरडत म्हणाला.

तेवढ्यात काका आले. “ए, व्हा बाजूला!”

“काका, टेबलांसाठी गाडी तुम्हीच पुढे घेतलीत ना? किती वेळ चालू होती?” चिनात्सुने विचारलं.

“किती म्हणजे? दोन हात घेतली आणि बंद केली. मग सुरूच होईना!”

“तापू न देता बंद केलीत?”

“गाडी आहे ती! आंघोळीचं पाणी आहे का तापवायला?”

बाहेर हॉर्न वाजला. दहा चाळीस! ट्रक लवकरच आला होता! चालक नागात्सुका बाई गाडी ओढायचा आकडा घेऊनच आत शिरल्या. चिनात्सु गाडीसमोर आडवी उभी राहिली.

“ताई, कागदांवर मालकाच्या सहीचा शिक्का आहे का?”

नागात्सुका बाईंनी काकांकडे पाहिलं. “गाडी तुमची नाही?”

“वडिलांची... शिक्का दुपारी मिळेल,” काका पुटपुटले.

“मग आकडा दुपारीच लागेल!”

“त्याआधी स्पार्क प्लग काढून बघाल?” चिनात्सु घाईघाईने म्हणाली. “थंड रोटरी लगेच बंद केली की पेट्रोल आत साचतं. भिंतीवरचं तेल धुऊन जातं, मग दाबच धरत नाही. इंजिन गेलेलं नाही, बुडालंय!”

“आणि नसेल बुडालं तर?” बाईंनी विचारलं.

चिनात्सुने सरळ गाडी ढकलायला सुरुवात केली.

सगळ्यांनी गाडी ढकलून अंगणात घेतली. पहिला प्लग निघाला तो ठिबकतच!

“पोरगी बरोबर आहे! आता तुम्ही तिघं फाटकापाशी. पुढे यायचं नाही!” बाईंनी पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढला आणि इंजिन फिरवून साचलेलं पेट्रोल बाहेर काढलं. मग आत थोडं तेल सोडलं, प्लग पुसून, सुकवून फ्यूजसकट परत बसवले.

काकांनी किल्ली फिरवली. घर्र घर्र. काही नाही. पुन्हा. काही नाही!

“बॅटरी अजून एकदाच टिकेल,” बाई म्हणाल्या.

कोसेइने डोळे गच्च मिटले. रित्सु चिनात्सुची बाही धरून उभा होता.

घर्र... फट्! फट्! आणि इंजिन गुरगुरलं! अंगणभर पांढरा धूर पसरला. तिघं खोकत खोकत नाचायलाच लागली!

धूर विरला तेव्हा फाटकात टॅक्सी उभी होती आणि काठीवर भार देऊन आजोबा.

“कोणी बुडवली?” त्यांनी विचारलं.

“मी,” काका मान खाली घालून म्हणाले. “भंगारातही देणार होतो. चुकलो, बाबा.”

“आणि वाचवली कोणी?”

नागात्सुका बाईंनी तिघांकडे बोट दाखवलं. आजोबा काठी टेकत गाडीपाशी आले. मग म्हणाले, “नुसत्या वासावरून हे ओळखायला मला कारखान्यात दोन वर्षं लागली होती. शाब्बास!”

ओशाळलेल्या काकांनी गाडी बंद करायला किल्लीकडे हात नेला.

“नकोऽऽ!” तिघंही एकदम किंचाळली.

आजोबा इतके हसले, की बाईंना त्यांना सावरावं लागलं. “तात्सुहिको, खुर्च्या आण. ती तापेपर्यंत सगळे इथेच बसू.”