सुटलेली नळी

चाचणी केंद्रातल्या हेलियमच्या खोलीत तंत्रज्ञ पालथा पडला होता. कवटी मागून फुटलेली. रक्ताचे शिंतोडे छतापर्यंत. शेजारी जाड नळी, तिच्या तोंडाला रक्त.

"दाबाने नळी सुटली," मुख्य अभियंता म्हणाला. मेलेला त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. "सापासारखी आपटत होती. माझ्या डोळ्यांदेखत दाजींचं डोकं फुटलं. गॅस संपला तेव्हा कुठे ती थांबली."

"तुम्ही कशाला हात लावलात?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

"छे हो! कशालाच नाही."

"हेलियम इथे कशाला लागतो?"

"उड्डाणात घात झाला, तर अंतराळवीरांचं यान क्षणात रॉकेटपासून दूर न्यावं लागतं. त्या इंजिनांना पंप नसतो, पंपाला वेग घ्यायला वेळ लागतो. हेलियमचा दाबच इंधन ढकलतो."

बाईंनी नळीचा नट चाचपला. आटे शाबूत होते. मग टाकीचा काटा पाहिला आणि तंत्रज्ञाच्या बायकोला आत बोलावलं. नवऱ्याला पाहताच तिने दाराची चौकट घट्ट धरली.

"आज कोणाशी भांडण?"

"माझ्या भावाशीच. यानाच्या इंजिनातली झडप पाझरते, उद्याची चाचणी होऊ देणार नाही, असं हे म्हणाले."

बाई अभियंत्याकडे वळल्या. "गॅस संपला म्हणता, पण काटा टाकी भरलेली दाखवतोय. तिची झडपही बंद आहे. ती कोणी बंद केली, मेलेल्या माणसाने? दाबाने सुटलेल्या नळीचे आटे फाटतात. ही पान्ह्याने खोललीय. त्याच पान्ह्याने तुम्ही मागून घाव घातलात आणि नळीला रक्त फासलंत. गॅस खरंच सोडला असतात तर पचलं असतं. पण तो तुम्हाला उद्याच्या चाचणीला हवा होता."

अभियंत्याने खिशातून पान्हा उपसला आणि बाईंच्या डोक्यावर उगारला. बाईंचा दंडुका आधी बसला. त्याच्या मनगटाचं हाड कडकन मोडलं. तो गुडघ्यांवर कोसळला.

"ताई, थेंबभर पाझरत होती गं! तेवढ्यासाठी उड्डाण रखडवणार होते!"

"इंधनाचा तोच थेंब उलटा हेलियमच्या नळीत शिरतो," ताई म्हणाली. "दाब सोडला की गोळीसारखा आदळतो आणि सगळं उडतं. हे घसा फोडून सांगत होते तुला."

मग ती बाईंकडे वळली.

"आधी ती झडप काढायला लावा. ह्यांना मग हलवा."