दुजोरा

पाऊस पडत होता, पण मनापासून नाही. कामाला दांडी मारण्याइतका मोठा नव्हता आणि कोरडं घरी पोचण्याइतका लहान नव्हता. अशा पावसात माणूस जागा मिळेल तिथे उभा राहतो. लेखिका एका दुकानाच्या पत्र्याखाली शिरली, पायाखाली डबकं दिसलं म्हणून शेजारच्या लोखंडी पाटावर चढली, आणि कपाळावरचे ओले केस मागे सारताना तिला समोरची गोल तबकडी दिसली.

तबकडीवरचा काटा थरथरत एक्क्याण्णव किलोवर येऊन थांबला.

"खोटं आहे हे!" ती ओरडली. ऐकायला रस्त्यावर कुणी नव्हतं, पण अशा आकड्याचा निषेध ताबडतोब नोंदवावा लागतो.

"म्हणून तर माझ्याकडे आलाय," आतून आवाज आला. "खरं बोलणारे काटे दुरुस्तीला येत नाहीत."

आवाजामागून माणूस बाहेर आला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांना तेल, कानामागे पेन्सिल. वजनकाटे दुरुस्त करणारा. त्याने तबकडीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा तबकडीकडे... मग पुन्हा तिच्याकडे.

"अडतीस किलो जास्त दाखवतोय," तो म्हणाला.

"माझं खरं वजन तुम्हाला काय माहीत?"

"धंदाच तो. अंदाज येतो."

"सगळ्यांचा येतो?"

"सगळ्यांकडे इतकं बघत नाही."

दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला 'या ताई' म्हणायची त्याची रीत होती. आजही तो शब्द ओठांपर्यंत आला, पण बाहेरची परिस्थिती पाहून शब्दच मुकाट्याने परत गेला. दुकानाच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या त्याच्या मामांनी हे बरोबर टिपलं. मामा बिजागऱ्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि भाच्याच्या दुकानात दिवसभर बसून बिजागऱ्यांबद्दल कुणी विचारतंय का याची वाट पाहत असत. कुणी विचारत नसे. त्यामुळे त्यांना बाकी सगळं ऐकू येई.

लेखिका कुठेही नोकरीला नव्हती. संपादक विषय देत, ती लेख लिहून देई. एका साप्ताहिकाने तिला तीन लेखांची परीक्षा लावली होती. तिन्ही कसोटीला उतरले तर वर्षभराचं सदर, दर आठवड्याला तिच्या नावाने. पहिला लेख गटारांच्या झाकणांवर होता, दुसरा बसथांब्यांवर. दोन्ही उतरले. तिसरा विषय आला होता 'आपली मापं', नऊशे शब्द, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. त्यासाठी ती व्यापारी संघाच्या अध्यक्षांना भेटायला निघाली होती. अध्यक्ष आजारी होते. आणि आता ती एका खोटं बोलणाऱ्या काट्यावर उभी होती.

"तुमच्यावर लेख लिहिला तर चालेल?" तिने पाटावरून उतरत विचारलं.

"माझ्यावर? की काट्यांवर?"

"काट्यांवरच."

"मग चालेल," तो म्हणाला. आवाज मात्र थोडा पडला.

तिने वही काढली. तिची लिहिण्याची एक पद्धत होती. लिहिताना थांबायचं नाही. आकडा माहीत नाही, नाव आठवत नाही, तर तिथे फुली मारायची आणि पुढे जायचं. फुल्या शेवटी विचारून भरायच्या. साप्ताहिकातही हीच रीत होती. एखादी फुली चुकून राहिलीच, तर तिथल्या तपासनीस बाई स्वतः फोन लावून ती भरून घेत. बाई पूर्वी गणित शिकवायच्या. पुरावा नसताना त्यांनी आयुष्यात कुणाला 'शुभ सकाळ'सुद्धा म्हटलं नव्हतं.

"दुरुस्त झाल्यावर काटा बरोबर आहे, हे तुम्हीच सांगता?" तिने विचारलं.

"छे. मी नुसता दुरुस्त करतो. शिक्का सरकारी निरीक्षक मारतो. ज्याने हात लावला त्याने खात्री द्यायची नाही. स्वतःच्या कामाला माणूस झुकतं माप देतोच."

हे वाक्य तिने खाली रेघ मारून लिहून घेतलं. तिच्या संपादकांचाही असाच नियम होता, तो पुढे तिला चांगलाच भोवणार होता.

निघताना तिने नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला. तो ती सगळ्यांना विचारायची, आणि अर्ध्या वेळा लेखातलं सगळ्यात चांगलं वाक्य त्या उत्तरातूनच निघायचं. "मी विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही, असं काही राहिलं का?"

त्याने हातातलं पितळी वजन दोनदा पुसलं.

"आहे एक," तो म्हणाला. "पण... आत्ता आठवत नाही."

"मग?"

"उद्या आठवेल बहुतेक."

"उद्या आठवेल," कोपऱ्यातून मामा म्हणाले. "त्याची स्मरणशक्ती पावसावर अवलंबून आहे."

दुसऱ्या दिवशी त्याला आठवलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पण तिच्या वहीत रोज नव्या फुल्या पैदा होत होत्या. 'दुकानाचा दरवाजा — रंग ×.' दरवाजा तिच्या समोर होता. हिरवा होता. फुली मात्र घरी जाऊन मारली गेली होती आणि ती भरायला परत यावंच लागलं.

चौथ्या दिवशी त्याने तिला काचपेटीतला काटा दाखवला. सोन्याचा कण तोलणारा, केसाएवढ्या फरकाने हलणारा. एक ग्रॅमचं इवलंसं वजन त्याने चिमट्याने उचललं.

"हाताने का नाही?"

"बोटाचं तेल लागलं की वजन वाढतं. माणसाचा हात लागला की वस्तू पहिल्यासारखी राहत नाही."

"हे लिहून घेऊ?"

"घ्या. पण जवळून बोलू नका, काटा हलतो."

ती गप्प झाली. दोघंही पेटीच्या उघड्या झडपेशी वाकलेले. काटा हललाच.

"मी बोलले नाही!" ती कुजबुजली.

"श्वासानेही हलतो."

"माझ्या... की तुमच्या?"

त्याने यावर विचार केला. बराच वेळ केला. दोन्ही पारडी वर-खाली होत राहिली, आणि तिच्या अंगावर काटा आला. हा लेखात घेण्याजोगा नव्हता.

"झडप लावून घ्या," मामा म्हणाले. "पेटीची. बिजागरी सैल आहे तिची. पण मला कोण विचारतंय!"

शुक्रवार उजाडला. सकाळी दहाला लेख पूर्ण झाला. लेखिकेने तो मोठ्याने वाचून पाहिला, कारण डोळ्यांपासून लपवता येतं ते कानांपासून लपवता येत नाही. नऊशे शब्दांच्या लेखात काटे तीनशे शब्दांत आटोपले होते. बाकीच्या सहाशेंत काटेवाला होता. त्याच्या बोटांवर एक पूर्ण परिच्छेद होता.

तिने कात्री चालवायला घेतली. 'मिश्कील' काढला. 'शांत, खोल आवाज' यातला 'खोल' काढला, मग 'शांत'ही. कानामागची पेन्सिल ठेवली, ती वस्तुस्थिती होती. लेख पुन्हा काट्यांचा झाला. सरळ, नीटस, उतरणारा. सदर तिच्या हाताच्या अंतरावर आलं.

मग लेखासोबत ईमेलने पाठवायचा ठरावीक तक्ता तिने उघडला. शेवटचा रकाना होता: 'लेखातील व्यक्तीशी लेखकाचे नाते'. संपादकांचा नियम पक्का होता. नातं असेल तर लेख रद्द. आपल्या माणसाला झुकतं माप मिळतं, आणि साप्ताहिकाचा काटा सरळ राहिला पाहिजे. गटारांच्या झाकणांच्या वेळी हा रकाना तिने डोळे मिटून भरला होता.

तिने 'नाही' लिहिलं. वाचलं. खोटं वाटलं, पुसलं.

'आहे' लिहिलं. पण कुठे आहे? त्याने एक शब्द काढला नव्हता. तिनेही नाही. काचपेटीतला काटा दोनदा हलला, एवढाच काय तो पुरावा. पुसलं.

इतक्यात संपादकांचा फोन आला. "बाराला पाच कमी आहेत. लेख आहे की कारण आहे?"

"लेख! पाठवतेच!" ती म्हणाली, आणि पाठवला.

पाठवल्यावर तिने तक्ता पुन्हा पाहिला. शेवटच्या रकान्यात, इतक्या वर्षांची बोटांची सवय असल्यामुळे, ठळक अक्षरात उमटलं होतं: ×

साप्ताहिकात फुलीचा अर्थ एकच होता. माहिती बाकी आहे, संबंधितांना विचारून घ्यावी.

तिने तपासनीस बाईंना फोन लावला. फोन व्यस्त होता. बाई कुणाशी बोलत असतील हे कळायला फार बुद्धी लागत नव्हती. तिने चपला घातल्या. एक तिची होती, दुसरी ती जिच्याकडे राहायची त्या आत्याची. आणि ती धावत सुटली.

दुकानात काटेवाला फोन दोन बोटांत समोर धरून ताठ उभा होता, वर्गात उभं केल्यासारखा. हात तेलाने माखलेले असल्यामुळे फोनचा आवाज मोकळा सोडला होता. मामांनी खुर्ची जवळ ओढून घेतली होती.

"वय बत्तीस," बाईंचा आवाज येत होता. "बरोबर?"

"बरोबर."

"दरवाजा हिरवा?"

"हिरवा."

"कानामागे पेन्सिल?"

त्याने हात लावून पाहिलं. "आहे."

"लेखिकेशी नातं?"

दुकानातले सगळे काटे शून्यावर होते.

"त्यांनी... काय लिहिलंय?" त्याने विचारलं.

"फुली."

"म्हणजे नाही?"

"नाही असतं तर 'नाही' लिहिलं असतं. त्या हुशार आहेत. फुली म्हणजे तुम्हाला विचारून भरायचं. लवकर सांगा, मला अजून एका लेखातल्या म्हशी मोजायच्या आहेत."

दारात धापा टाकत उभी असलेली ती त्याला दिसली नव्हती. त्याने कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा लावली.

"बाई, असं आहे... त्या पहिल्या दिवशी काट्यावर चढल्या ना, तो काटा मी त्याच संध्याकाळी नीट केला. पण पाठवलाच नाही. त्या रोज येतात, तर दाराशी ओळखीचं काहीतरी असावं म्हणून. त्या आल्या नाहीत तर मला दिवसाचं वजनच लागत नाही. याला नातं म्हणतात का, मला माहीत नाही. तुमच्या रकान्यात बसत असेल तर... लिहा. माझ्याकडून आहे."

"'माझ्याकडून आहे'," बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "ठीक. पण एका माणसाच्या सांगण्यावर आमच्याकडे काही धरत नाहीत. दुसऱ्या बाजूचा दुजोरा लागतो."

"ती दारातच उभी आहे," मामा म्हणाले.

तो गर्रकन वळला. हातातला फोन निसटला, तो तिने झेलला. दोघांची बोटं तेलाने बरबटली. माणसाचा हात लागला की वस्तू पहिल्यासारखी राहत नाही.

"लेखिका?" बाईंचा आवाज जरा मऊ झाला. अगदी थोडा, काचपेटीतल्या काट्यालाच कळला असता इतका. "उत्तर देण्याआधी विचार करा. 'नाही' म्हणालात तर लेख आत्ता छपाईला जातो आणि सदर तुमचं. 'हो' म्हणालात तर लेख रद्द. नियम नियम आहे."

लेखिकेने समोर पाहिलं. बत्तीस वर्षांचा, कानामागे पेन्सिल असलेला, खोल आवाजाचा माणूस श्वास रोखून उभा होता.

"दुजोरा देते," ती म्हणाली.

"मोठ्याने. शंका नको."

"दुजोरा देते! आहे! माझ्याकडूनही आहे!"

"नोंदवलं," बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "आणि पायात दोन वेगळ्या चपला असतील तर बदला. मी धावत गेले होते तेव्हा माझ्याही होत्या." फोन बंद झाला.

पाचच मिनिटांत संपादकांचा आला.

"लेख रद्द," ते म्हणाले. "काट्यांवर दुसरं कुणीतरी लिहील."

"हो," ती म्हणाली. सदर तिच्या डोळ्यांसमोरून एका आठवड्याच्या अंकासारखं उडून गेलं.

"हो काय? मी संपलोय का बोलायचा? नातं लपवून लेख पाठवणारे मला रोज भेटतात. फुली टाकणारं पहिल्यांदा भेटलं. तिसरा लेख पुढच्या शुक्रवारी बारापर्यंत द्या. नऊशे शब्द. विषय, दरवाजाच्या बिजागऱ्या. आणि माहिती देणारा माणूस साठीच्या पुढचा शोधा. माझ्याकडे विषय फार उरलेले नाहीत."

तिने फोन खाली ठेवला आणि हसायला लागली. तोही हसायला लागला. नक्की कशाला हसतोय हे दोघांनाही माहीत नव्हतं, आणि दोघांनीही तपासून घेतलं नाही.

"बरं," ती डोळे पुसत म्हणाली, "शेवटचा प्रश्न. मी विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही, असं काही राहिलंय का? आठवलं?"

"पहिल्या दिवसापासून आठवत होतं."

"मग सांगा ना."

"आता काय सांगू?" तो म्हणाला. "तुमच्या बाईंनी विचारलं."

कोपऱ्यात मामा खाकरले. ते खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. सदरा त्यांनी नीट खाली ओढला होता.

"बिजागऱ्या म्हणालात ना?" ते म्हणाले. "वय चौसष्ट. कारखान्यात बावीस वर्षं. साध्या, दुमडीच्या, सुट्या खिळीच्या, सगळ्या या हातांखालून गेल्यात. विचारा. काहीही विचारा."

लेखिकेने घाईघाईने वही उघडली, पेनचं टोपण काढलं, 'मामा, वय ६४' असं लिहिलंसुद्धा. मग तिचा हात थांबला. तिने वही हळूच मिटली.

"नाही चालणार, मामा."

"का? काय कमी आहे माझ्यात?"

"नियम आहे ना. तुम्ही माझे मामेसासरे लागता."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, ती काय बोलली. मागे काटेवाल्याच्या हातून पाच किलोचं वजन धाडकन जमिनीवर पडलं.

मामांनी एकदा तिच्याकडे, एकदा भाच्याकडे पाहिलं. ते पुन्हा खुर्चीत बसले.

"मी दुजोरा देतो," ते म्हणाले. "पण बिजागऱ्यांचं मला कधीच कुणी विचारणार नाही, हेही लिहून घ्या."