बोटं जुनी, बटणं नवी

सावनीने कापायचं बटण दाबलं आणि बाळ मुकं झालं.

पडद्यावर ओजस, तिचा धाकटा भाऊ, टाळ्या पिटत होता. तोंड उघडं होतं, पण आवाज बंद. सावनीने चूक मागे घेतली आणि पुन्हा ‘एस’ दाबलं. ओजस पुन्हा मुका.

“हा प्रोग्राम माझ्यावर डूख धरून आहे,” ती म्हणाली.

“अजून धड ओळख नाही तुमची,” आजोबा सोफ्यावरून म्हणाले. “डूख धरायला निदान शेजार तरी लागतो.”

आजोबांनी आयुष्यभर उपग्रहांसाठी यंत्रं बनवली होती. आता निवृत्तीनंतर ते फक्त माणसांना दुरुस्त करत, आणि त्यात त्यांना फारसं यश नव्हतं.

सावनीची आई मंगळावर पाण्याचे पंप सांभाळत असे. आज संध्याकाळपासून पृथ्वी आणि मंगळ यांच्या मधे सूर्य येणार होता. तो मधे असेपर्यंत निरोपांची ये-जा बंद. सूर्याविरुद्ध तक्रार नोंदवायची सोय अजून कुठल्याच सरकारने केलेली नव्हती. आणि ओजसने नेमकं कालच पहिलं पाऊल टाकलं होतं. संपर्क पुन्हा सुरू होईपर्यंत तो धावायला लागला असता. पहिलं पाऊल आईला पहिलं म्हणून दिसायचं, तर फिल्म आजच जायला हवी होती.

एरवी हे काम सावनीच्या डाव्या हाताचा मळ. ‘कातरी’ नावाच्या प्रोग्रामवर फिल्म कापायला आणि जोडायला आईनेच तिला शिकवलं होतं. सगळे शॉर्टकट (माउस न फिरवता, बटण दाबून दिलेले हुकूम) तिच्या बोटांना पाठ होते. पण जुना संगणक बंद पडला, आणि नव्यावर ‘कातरी’ चालेना. त्यावर होता ‘चित्रवेल’. तो सुधारित होता. सुधारित म्हणजे घरातली प्रत्येक वस्तू उचलून अधिक चांगल्या जागी ठेवायची, आणि ती जागा कोणाला सांगायची नाही.

‘कातरी’त ‘एस’ दाबलं की फिल्म कापली जाई. ‘चित्रवेल’मध्ये कापायला ‘बी’ होतं, आणि ‘एस’ने आवाज बंद होई. सावनीला हे कळलं होतं. तिच्या बोटांना कळलं नव्हतं.

“मी जुळवून देऊ का फिल्म?” गोविंदरावांनी विचारलं. गोविंदराव हा घरातला रोबो. एका रोपवाटिकेने नवा रोबो घेतला, तेव्हा आजोबांनी हा जुना घरी आणला.

“नको. आईला माझ्या हातची हवीये.”

मग सावनीला युक्ती सुचली. तिने चमच्याच्या टोकाने ‘एस’ आणि ‘बी’ची टोपणं उचकटली आणि एकमेकांच्या जागी बसवली. हात चोळून तिने नेहमीच्या जागी बोट दाबलं. तिथे आता ‘बी’ लिहिलेलं होतं. ओजस मुका झाला.

“असं कसं?”

आजोबा उठून आले. “दारावरची पाटी बदलली म्हणून घरातली माणसं बदलतात का गं? बटणाला स्वतःवर काय लिहिलंय ते वाचता येत नाही. ते फक्त आपला संकेतांक (त्या बटणाचा ठरलेला आकडा) आत पाठवतं. म्हणजे हजेरी देतं. पुढे काय करायचं ते प्रोग्राम ठरवतो.”

“म्हणजे ‘एस’ला कापायचं माहीतच नव्हतं कधी?”

“कापायचंही नाही, मुकं करायचंही नाही. पूर्ण निष्पाप आहे बिचारं. आधी जेवून घेऊ. गोविंदराव, पानं घ्या.”

गोविंदराव बाल्कनीत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात मनीप्लांटची हिरवीगार पानं होती. ती त्यांनी टेबलावर प्रत्येकाच्या खुर्चीसमोर ओंजळभर मांडली. बाल्कनीतला मनीप्लांट बोडका झाला होता.

आजोबांनी चष्मा सारखा केला. “छान. आता यावर वरण वाढा.”

“आजोबा, त्यांची काय चूक?” सावनी म्हणाली. “रोपवाटिकेत पान म्हणजे...” आणि ती थबकली. “शब्द तोच. घर बदललं, म्हणून अर्थ बदलला. ‘एस’चं हेच झालंय.”

“बरोबर. मग काय करायचं? गोविंदरावांना नवा शब्द शिकवायचा, की आपण ‘पानं घ्या’ म्हणायचं सोडायचं?”

“दोन्ही नाही. शब्द जुनाच, अर्थ नवा. गोविंदराव, या घरात पान म्हणजे ताट.”

“नोंद केली,” गोविंदराव म्हणाले. “पण या शब्दाला आधीचं काम आहे. ते पुसून टाकू?”

सावनी विचारात पडली. झाडांची निगाही गोविंदरावच राखत. “पुसू नका. नुसतं ‘पान’ म्हटलं तर ताट. ‘झाडाचं पान’ म्हटलं तर जुना अर्थ.”

गोविंदरावांनी ताटं मांडली. पण जेवायला बसायचं सोडून सावनी संगणकाकडे पळाली.

“अगं, वरण निवतंय,” आजोबा म्हणाले.

“निवू दे.”

‘चित्रवेल’च्या सेटिंगमध्ये बटणांचा एक नकाशा होता: कुठल्या बटणाला कुठलं काम, याची आखणी. टोपणं परत आपापल्या जागी बसवून, ‘कापणे’ हे काम निवडून तिने ‘एस’ दाबलं. पडद्यावर प्रश्न उमटला: या बटणाला आधीचं काम आहे, काढून घेऊ? सावनी हसली. आवाज बंद करण्याचं काम तिने ‘शिफ्ट’ आणि ‘एस’ या जोडीकडे दिलं. हेच तिचं झाडाचं पान.

मग जोडायचं बटण, मागे जायचं, पुढे जायचं. एक बदलावं तर दुसऱ्याचं काम जाई. त्याला जागा द्यावी तर तिसरं तक्रार करी. दोनदा सगळं विस्कटलं. दोन्ही वेळा तिने ओठ आवळून पहिल्यापासून मांडलं. शेवटी नकाशा साठवला आणि नेहमीच्या जागी बोट टेकवलं.

फिल्म कापली गेली. ओजस खिदळला, चांगला मोठ्याने.

त्यानंतर सावनीला बटणांकडे बघावंसुद्धा लागलं नाही. संपर्क बंद व्हायच्या थोडं आधी फिल्म तयार झाली. ती पाठवताना सावनीने सोबत एक लहानशी फाइल जोडली.

“हे काय?” आजोबांनी विचारलं.

“माझा नकाशा. आईकडेही ‘चित्रवेल’च बसवलाय. तीपण सगळ्यांना मुकं करत बसली असेल. ही फाइल उघडली की तिची बटणं माझ्यासारखी होतील.”

“तुझ्यासारखी म्हणजे तिच्यासारखीच की,” आजोबा म्हणाले. “तुला शिकवलं कोणी?”

पडद्यावर ‘पाठवले’ ही अक्षरं उमटली. आता सूर्य खुशाल मधे येऊ शकत होता. पलीकडे मंगळावर आई पहिलं पाऊल बघेल, मग हसत आपली बोटं सवयीच्या जागी ठेवेल, आणि सूर्य बाजूला झाला की तिकडूनही एखादी फिल्म येईल.

“आता तरी जेव,” आजोबा म्हणाले.

पण ओजस खुर्चीचा पाय सोडून दाराकडे निघाला होता, आणि सावनीने कॅमेरा उचलला होता.