पेंगणारी खोली

"आज कोण पेंगणार नाही?" ताईने विचारलं.

चटईवरच्या सगळ्या चिल्ल्यापिल्ल्यांनी हात वर केले. टिल्लूने तर दोन्ही.

वाचनालयाच्या तळघरातली ही खोली सुट्टीपुरती मुलांना मिळाली होती. नुकत्याच जोडाक्षरांशी झटापट करू लागलेल्या लहानग्यांना वाचायची गोडी लावायचं काम वाचनालयाच्या बाईंनी सातवीतल्या तिघांवर सोपवलं होतं. लंबू, भिंगरी आणि ताई. टिल्लू ताईचा सख्खा धाकटा भाऊ. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणायला लागले. लंबूसुद्धा, आणि तो तर तिच्यापेक्षा चांगला वीतभर उंच.

भिंगरीने पुस्तक उघडलं. बूट हरवलेल्या अस्वलाची गोष्ट होती. भिंगरी एका जागी बसून वाचेल तर शपथ. अस्वल आलं की ती डुलत डुलत चालायची, बूट शोधायला चटईखाली डोकं घालायची. पहिल्या पानाला पोरं हसून हसून लोळली.

मग हळूहळू हसू विरलं. एकीने भिंतीला डोकं टेकलं, दुसरा चटईवर आडवा झाला. टिल्लू शब्दांवर बोट ठेवून वाचत होता. त्याचं बोट थांबलं.

"ताई, अक्षरं हलतायत."

"हलत नाहीत रे. नीट बघ."

"हलतायत. आणि डोकं दुखतंय."

गेले कित्येक दिवस हेच चाललं होतं. आईने त्याचे डोळे तपासून घेतले होते, डोळे ठणठणीत होते. घरी जाताना रस्त्यावरच्या पाट्या हाच टिल्लू घडाघडा वाचायचा. मग या खोलीतच त्याला काय होत होतं?

दारात इमारतीचे व्यवस्थापककाका आले. पेंगणारी पोरं बघून हसले. "पुस्तक हातात आलं की झोप लागणारच. मलाही लागते."

"काका, खिडकी उघडायची का? कोंदट वाटतंय."

"खिडकीला हात लावायचा नाही. रंग नवा आहे. आणि दार लावून घ्या, वरच्या वाचकांना तुमचा गलका ऐकू जातो."

सोमवारी मात्र नवल घडलं. कुणीच पेंगलं नाही. टिल्लूने अख्खं पान वाचलं, 'अस्वस्थ' शब्दाला अडखळला, चिडला, परत वाचला आणि जिंकला. ताईला वाटलं, संपलं एकदाचं. पण मंगळवारी खोली पुन्हा पेंगायला लागली. जिना चढताना टिल्लूचा पाय लटपटला, तेव्हा ताईने त्याचा हात घट्ट धरला.

"सोमवारी काय वेगळं होतं?" लंबूने पायरीवर बसत विचारलं.

"गोष्ट तीच. वाचणारी मीच," भिंगरी म्हणाली. मग ती थबकली. "पण भिंतीपलीकडच्या लाँड्रीतून रोज येणारी घरघर नव्हती. सोमवारी लाँड्री बंद असते."

बुधवारी वाचनाच्या वेळेआधी ताईने टिल्लूला वाचनालयाच्या बाईंजवळ बसवलं आणि तिघं इमारतीच्या मागे गेली. भिंत नवीकोरी, पांढरीशुभ्र होती. लाँड्रीतून एक जाड नळी भिंतीबाहेर आली होती. तिच्या तोंडावर पत्रा ठेवून तो तारेने करकचून बांधला होता.

तिघं लाँड्रीत शिरली. लाँड्रीवाल्या मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या. चार पायऱ्या खाली, मागच्या खोलीत पाणी तापवायचा गॅसचा बंब घरघरत होता.

"तो पत्रा ना? तुमच्या व्यवस्थापकांनीच बसवून घेतला. बंबाच्या धुराने नवा रंग काळा पडायला लागला होता. आता बघा, भिंतीवर डाग नाही," मावशी म्हणाल्या.

"मग धूर जातो कुठे?" भिंगरीने विचारलं.

मावशींच्या हातातली चादर तशीच राहिली. लंबू बंबामागच्या भिंतीकडे बघत होता. तिला खालपासून वरपर्यंत भेगा होत्या, आणि पलीकडे मुलांची खोली होती.

"बंद घरात कोळशाची शेगडी पेटवू नका म्हणून बाबा ओरडतात, ते यासाठीच," तो हळूच म्हणाला.

"मावशी, बंब बंद करा. आत्ताच्या आत्ता," ताई म्हणाली आणि पळत सुटली. वाचनालयात बाईंजवळची खुर्ची रिकामी होती.

"टिल्लू?"

"अगं, बाकीची मुलंही आली होती, काकांनी सगळ्यांना मघाशीच खाली नेऊन बसवलं. इथे दंगा करत होते."

ताईला जिना उतरल्याचं कळलंच नाही. तळघराच्या दाराशी व्यवस्थापककाका उभे होते, ओठांवर बोट ठेवून.

"शांत झोपलीत. कशाला उठवता?"

"काका, आत विषारी धूर आहे."

"काहीतरीच काय. धूर दिसला असता ना मला."

ते दारातून हलेनात. भिंगरीने एक क्षण त्यांच्याकडे बघितलं. "काका, मागच्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने रेघोट्या मारतंय."

काका असे धावले की जिन्यात त्यांची चप्पल राहिली.

आतली शांतता भयंकर होती. कुणी कूस बदलत नव्हतं. लंबूने स्टूल उचललं आणि खिडकीची काच फोडली. भिंगरी बाईंना हाका मारत वर धावली. ताईने टिल्लूला उचललं. त्याची मान ओल्या फडक्यासारखी मागे पडली.

"टिल्लू, ऊठ. टिल्ल्या, ऊठ ना रे."

तिचे गुडघे मऊ पडायला लागले. इथेच जरा बसावं, असं तिला वाटलं. मग त्या वाटण्याचीच तिला इतकी भीती वाटली, की दातओठ खाऊन ती उठली आणि त्याला ओढत दाराबाहेर आली. तोवर बाई आणि वरचे वाचक जिना उतरत होते. एकेकाने एकेक मूल कडेवर घेतलं.

उघड्यावर आल्यावर पोरं रडायला लागली. पोरांचं रडणं ताईला कधीच इतकं गोड वाटलं नव्हतं. रडत नव्हता तो फक्त टिल्लू.

दवाखान्यात त्याच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा चढवला. आई बाकावर बसून ताईचा हात आवळत होती. खूप वेळाने डॉक्टर बाहेर आल्या.

"शुद्धीवर आलाय. बंबाच्या धुरातल्या या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो. माणूस झोपतो आणि... तुम्ही तिघांनी आज अख्खी खोली वाचवलीत. मोठ्यांनी लक्ष द्यायचं ते तुम्ही दिलंत."

व्यवस्थापककाका कोपऱ्यात उभे होते. "मी भिंतीकडे बघत राहिलो. पोरांकडे बघितलंच नाही," ते म्हणाले.

वाचनालयाच्या बाईंनी भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्यापासून मुलं माझ्या टेबलाशेजारी वाचतील. वरच्यांना गलका ऐकू गेला तर जाऊ दे."

संध्याकाळी ताईला आत सोडलं. टिल्लू उशीला टेकून बसला होता. "अस्वलाचं पुढे काय झालं?"

तिने पुस्तक उघडलं. अस्वल नदीवर पोचलं, आणि टिल्लूचे डोळे मिटले. ताई वाचायची थांबली. ती त्याच्या छातीकडे बघत राहिली.

"थांबलीस का?" डोळे न उघडता टिल्लू म्हणाला. "ऐकतोय मी. वाच."